मधली जागा

१

सकाळी खोलीला कुलूप लावलं की मी जिन्यात उभा राहून खिसे चाचपतो. किल्ली, रुमाल, मोबाईल, चाकू. मोबाईल विसरला तर दिवस जरा शांततेत जातो, रुमाल विसरला तर बाही असतेच. चाकू विसरला तर मात्र शेवटच्या पायरीवरूनही मी परत फिरतो.

चाकू काही फार मोठा नाही. घडीचा, बोटाएवढ्या पात्याचा, शिसवी मुठीला दोन्हीकडून पितळेच्या पट्ट्या मारलेला. आमच्या आबांनी, माझ्या वडिलांनी, देगलूरच्या बाजारातून आणला होता. त्यांनी जन्मभर त्यानं सुपाऱ्या फोडल्या, दोऱ्या कापल्या, बैलाच्या खुरातले काटे काढले. मी लातूरला ट्यूशन एरियात जुन्या पुस्तकांच्या दुकानात कामाला आहे. डॉक्टर व्हायला आलेली पोरं वर्ष संपलं की गाईडं रद्दीच्या भावात आमच्याकडं टाकून जातात, पुढच्या वर्षी दुसरी पोरं तीच विकत नेतात. गठ्ठ्यांची सुतळी कापायला मला चाकू लागतो, त्यामुळं तो का बाळगतोस असं कोणी विचारत नाही. दुकानाचे मालक मल्लिनाथअप्पा फक्त अधूनमधून म्हणतात, भागवत, कात्री आणून ठेवलीय की रे. मी हो म्हणतो आणि चाकू उघडतो.

खरं कारण सांगायला मला लाज वाटते. आमच्याकडं नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात कट्यार देतात, टोकाला लिंबू टोचलेलं असतं. लग्न लागून हळद उतरवेपर्यंत ती खाली ठेवायची नाही, आणि नवरदेवाला एकट्याला कुठं सोडायचं नाही. माझं लग्न धरलं होतं लॉकडाऊनच्या वर्षी. चाकूरजवळच्या आमच्या गावात आदल्या दिवशी मला हळद लागली. कट्यार भाड्यानं आणायची होती ते दुकान बंद, म्हणून आईनं आबांचा हा चाकू हातात दिला. दुसऱ्या दिवशी सगळंच बंद झालं. पाहुणे मिळेल त्या गाडीनं पळाले, करवला म्हणून आलेला मामेभाऊसुद्धा पळाला. मांडवात मी, आई आणि उरलेली बुंदी. भर दुपारी मी एकटाच विहिरीवर जाऊन हळद धुऊन आलो. आई म्हणाली, नवी तारीख निघंपर्यंत चाकू जवळच ठेव, खाली ठिवू नकोस. नवी तारीख निघाली नाही. मुलीकडच्यांनी पुण्यातला मुलगा बघितला. पुढच्या उन्हाळ्यात आईही गेली. आता तो खाली ठेव म्हणून सांगणारं कोणी उरलं नाही, म्हणून तो खिशात आहे.

२

एकटं राहण्याचा मला कंटाळा आलाय हे आधीच सांगून टाकतो. लोक उगाच एकटेपणाचं कौतुक करतात. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही सापडलं नाही. संध्याकाळी भाजी चिरताना मी स्वतःशी बोलतो आणि मग स्वतःवरच चिडतो.

त्यात लोक मला टाळतात. हे माझ्या मनाचे खेळ नव्हेत. आठवड्यातून एकदा मी पुस्तकांचे गठ्ठे घेऊन एसटीनं नांदेडला जातो. बस खच्चून भरलेली असते, माणसं दांड्याला लोंबकळत असतात, आणि माझ्या शेजारची जागा मोकळी. कोणी येतं, बघतं, कसनुसं हसतं आणि पुढं सरकतं. सुरुवातीला मी बगलेचा वास घेऊन बघितला. मग साबण बदलला. पुढं पुढं मी त्याच जागेवर पिशवी ठेवायला लागलो, तर कंडक्टर म्हणाला, ओ, पिशवी खाली घ्या, नीट बसू द्या की. कोणाला नीट बसू देऊ, असं मी विचारेपर्यंत तो तिकिटं फाडत पुढं गेला होता.

हॉटेलात गेलो की पोऱ्या मला फॅमिली रूम दाखवतो. पडद्याआड, पंख्याखाली. मी म्हणतो, बाबा, मी सडाफटिंग माणूस, मला बाहेरच बसव. तो पडदा सारून उभाच राहतो. शेवटी मी आत बसून एकटाच डोसा खातो.

स्थळांचं तर विचारूच नका. चाळिशीला टेकलेल्या, दुकानात नोकरी करणाऱ्या माणसाला मुळात स्थळं येतात किती? जी आली ती खोली बघून गेली. चहा प्यायले, इकडं तिकडं बघितलं आणि उठले. नंतर निरोप नाही. मग गावात उठलं की भागवतनं लग्न केलंय आणि लपवून ठेवलंय. हे कोणी पसरवलं म्हणून मी बऱ्याच जणांशी भांडलो. भांडून काही सापडलं नाही, वर चार माणसं तुटली.

३

पावसाळा सरता सरता एका दुपारी दुकानात गठ्ठा सोडायला मी चाकू उघडला आणि आंबट वास आला. पात्याच्या टोकाला ओल होती. बोटानं पुसली, चाटून बघितली. लिंबू.

मला पित्ताचा त्रास आहे. लिंबू मी खात नाही, घरात आणत नाही. सकाळपासून चाकू घडी घालून खिशात होता. अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, कुठंतरी सरबत प्यायला असशील. सरबत चाकूनं पितात का, असं मी म्हणणार होतो, पण ते मालक आहेत.

चाकू धुतला, पुसला, तेल दिलं. तरी परत तेच. कधी टोकाला ओल, कधी लिंबाचा एखादा पांढरा तंतू. एकदा घडीच्या खाचेत पिवळं दिसलं. म्हटलं, पितळेचा मळ असेल. काडीनं कोरून काढलं, पाण्यात कालवलं, तर ते विरघळलं आणि वाटीतलं पाणी पिवळं झालं. मी ते पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि जरा वेळ तिथंच उभा राहिलो. माणसानं अशा वेळी डोकं शाबूत ठेवावं. शिसवी लाकूड जुनं आहे, त्यात हळद मुरलेली असणार, दमट हवेत ती वर येत असणार. लिंबाचंही असंच काहीतरी असेल. मी स्वतःची समजूत घातली आणि ती मला पटलीही.

पण मग झोपेतलं सुरू झालं. मी चाकू घडी घालून उशीखाली ठेवून झोपतो. पलंग दोघांचा आहे, घरमालकाचाच. मी भिंतीकडच्या अंगाला झोपतो. सकाळी उठलो की चाकू उशीखाली नसायचा. गादीच्या मधोमध असायचा, उघडा. टोक माझ्याकडं नसायचं, पलीकडं असायचं, जिकडं कोणी झोपत नाही तिकडं. मला वाटलं, झोपेत मीच काढत असेन. दोन-तीनदा चाकू कपाटात कुलूपबंद करून बघावा असंही मनात आलं. पण कपाटात ठेवणं म्हणजे खाली ठेवणं झालं, आणि ते काही माझ्याच्यानं झालं नाही.

४

त्याच सुमारास मला उज्वला भेटली.

नांदेडच्या बसमध्ये मी नेहमीसारखा तिघांच्या बाकावर खिडकीशी बसलो होतो. अहमदपूरला गर्दी चढली. तिच्या हातात कापडाचं मोठं बोचकं होतं. तिनं पुढून मागंपर्यंत नजर टाकली, माझ्या बाकाकडं बघितलं आणि सरळ येऊन बसली. मधली जागा सोडून कडेला. मला इतका आनंद झाला की मी खिडकीबाहेरच बघत राहिलो, उगाच हसू दिसायला नको म्हणून.

लोह्याच्या आधीच आमची बोलाचाली सुरू झाली. नांदेडला वजिराबादेत तिचं ब्लाऊज शिवायचं छोटं दुकान आहे. लग्न झालं होतं, ते मोडलं. हे तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. वय माझ्याच आसपास. बोलणं धारदार, पण हसते मोकळं. माझ्या दुकानाचं ऐकून म्हणाली, म्हणजे पोरांची डॉक्टरकी तुम्ही सेकंड हँड विकून राहिले. मी इतका हसलो की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं वळून बघितलं.

पिशवीत पेरू होता. चाकू काढून मी त्याच्या दोन फोडी केल्या. ती म्हणाली, तीन करा की. मला वाटलं, हिला पेरू फार आवडतो. तीन केल्या. तिनं एक उचलली, एक मी घेतली, आणि तिसरी कागदावर मधल्या जागेवर ठेवली. मी घ्या म्हटलं तर ती नुसती हसली. नांदेडला उतरताना फोड तिथंच होती. मी मनात म्हटलं, बाई लाजरी आहे. मधली जागा सोडून बसली तेही मला आवडलं होतं. आजकाल इतकी मर्यादा कोण पाळतं?

नंतर फोन सुरू झाले. संध्याकाळी ती मशीन बंद करायची आणि मी भात टाकायचो, तेव्हा. शेजारच्या बाया काय म्हणाल्या, गिऱ्हाइकानं बाही कशी उसवायला लावली, असलं काहीबाही. मी स्वतःशी बोलणं बंद केलं. एकदा ती म्हणाली, दोघांच्या स्वयंपाकाला एकाच्याएवढाच वेळ लागतो, फुकट जातो तो. मी भात करपवला त्या दिवशी.

५

पुढच्या खेपेला गठ्ठे पोचवून मी तिच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक खोली, रस्त्याला लागून, दाराला दोन पायऱ्या. दुपारची वेळ, रस्ता तापलेला. तिनं मला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग दाराकडं बघून म्हणाली, या की आत. मी वळून बघितलं. पायरीवर ऊन होतं आणि कोणाची तरी सायकल टेकवलेली.

मी विचारलं, कोणाला बोलावताय?

"तुमच्या बहिणीला," ती म्हणाली. "तिथंच थांबल्यात मघापासून. लाजतात का?"

माझी बहीण निलंग्याला असते, मी एकटाच आलोय, असं मी सांगितलं. उज्वलानं हातातलं कापड मशीनवरून बाजूला केलं. ती चिडली नव्हती, फक्त नीट बघायला लागली, आधी माझ्याकडं आणि मग दाराकडं.

"त्या दिवशी बसमध्ये तुमच्या शेजारी बसल्या होत्या त्या कोण?"

"कोणी नव्हतं. मधली जागा मोकळी होती."

"मोकळी असती तर मी बसले असते का? एकटी बाई बसमध्ये चढली की आधी बाई बघते आणि मग तिच्या शेजारी बसते. त्या होत्या म्हणून मी बसले."

पंखा फिरत होता. तो आवाज करतो हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. मी विचारलं, कशी दिसते?

"पिवळं पातळ. डोक्यावर पदर. तोंड नाही बघितलं मी. तोंड तुमच्याकडंच असतं त्यांचं."

मी शपथा घेतल्या, लॉकडाऊनचं, हळदीचं, मोडलेल्या लग्नाचं सगळं सांगितलं, खिशातला चाकू काढून दाखवला. जिच्याशी लग्न ठरलं होतं ती पुण्यात धडधाकट आहे, तिला दोन पोरं आहेत, तिचे फोटो मी मोबाईलवर बघितलेत, हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. तिचा पहिला नवरा दुसऱ्या बाईसोबत राहायचा, त्याच घरात, आणि ही त्या दोघांना वाढायची. हे तिनं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

"मला घर करायचंय, भागवतराव. तुमच्यासोबत करायला आवडलं असतं. पण दुसरीच्या घरात मी एकदा राहून आलेय. एकटे असलात तर बोलवा, मी येते."

मी पायऱ्या उतरलो. सायकलीजवळ कोणी नव्हतं. तरी मी कडेकडेनं, जागा सोडून उतरलो.

६

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो नाही. ड्रायव्हरच्या मागं उभा राहिलो, लातूरपर्यंत. बाक मोकळं होतं, लोक मला बसा बसा म्हणत होते.

डोकं चालवायला वेळ भरपूर मिळाला. बायकांना बाई दिसली तर त्या शेजारी बसतात, पुरुष अनोळखी बाईशेजारी बसत नाही, कसनुसं हसून पुढं जातो. फॅमिली रूम. खोली बघून उठून गेलेले पाहुणे. मी इतकी वर्षं साबण बदलत होतो. मला रडू येत होतं, आणि भीतीपेक्षा रागच जास्त येत होता. इतके लोक बघत होते आणि एकानंही तोंड उघडून विचारलं नाही.

उज्वलाला भास होत असेल, असंही मी म्हणून बघितलं. बाई शहाणी असली तरी पोळलेली आहे, तिला सगळीकडं दुसरी बाई दिसत असेल. हे मला अर्ध्या वाटेपर्यंत पुरलं.

घरमालक गुंडप्पाकाका खाली टाकीपाशी होते. ते सरळ माणूस आहेत, लिंगायत, कपाळावर भस्म, सकाळ-संध्याकाळ पूजा. मी त्यांना म्हटलं, काका, लातुरात एकट्या पुरुषाला कोणी खोली देत नाही, तुम्ही मला कशी दिली?

"एकट्याला कुठं दिली?" ते म्हणाले. "जोडप्याला दिली. पाण्याचे हाल, टँकर कवा येतो कवा न्हाई. म्हणलं लेकरंबाळं न्हाईत, दोघांनाच कितीसं पाणी लागतंय."

मी वर बघितलं. माझ्या खोलीची खिडकी बंद होती. काकांनी पाईप दुसऱ्या टाकीत टाकला आणि म्हणाले, आमची ही म्हणते, बाई लई मुकाट आहे, पण सोशिक आहे. तुम्हीच जरा बोलत चला तिच्याशी.

७

माझ्या बहिणीला, सिंधुअक्काला, मी फोनवर काही सांगितलं नाही. सरळ निलंग्याला गेलो. अक्का माझ्यापेक्षा मोठी, आईच्या जागी. तिनं सगळं ऐकलं, मध्ये कुठं हसली नाही.

तिनं एकच विचारलं. विहिरीवर हळद धुवायला बसलास तेव्हा चाकू कुठं होता? मी म्हणालो, कुठं असणार, दगडावर ठेवला होता, आंघोळ झाल्यावर उचलला. सोबत कोण होतं? कोणीच नव्हतं. अक्कानं पदरानं तोंड पुसलं, भर दुपारी, हळदीच्या अंगानं, एवढंच पुटपुटली आणि विषय सोडून दिला.

थोड्या वेळानं ती म्हणाली, हळद उतरवायची राहिलीय, एवढंच झालंय. लग्नाचं लोखंड इतकी वर्षं खिशात घेऊन फिरायला लागल्यावर दुसरं काय होणार?

"तो चाकूच धरून बसलीय ती. चाकू सुटला की ती बी सुटंल."

मला हे ऐकून हायसं वाटलं. उपाय सोपा होता आणि अक्का सांगत होती. तिनं मला अंगणात पाटावर बसवलं, शिळी का होईना, इतक्या वर्षांची हळद म्हणून अंगावरून पाणी ओतलं, परसातलं लिंबू आणून त्याच चाकूनं कापलं आणि दोन फोडी दोन दिशांना फेकल्या. मग हात पुढं केला. मी चाकू तिच्या हातावर ठेवायला गेलो आणि माझी मूठ सुटेना. बोटं आखडली होती. अक्कानं ती एक एक करून उलगडली, लहानपणी माझ्या मुठीतली माती काढायची तशी, आणि मग मागच्या पडक्या विहिरीत चाकू टाकून आली. खाली पाणी होतं, आवाज आला.

लातूरच्या बसमध्ये बसलो न बसलो तोच एक जाडगेला माणूस माझ्या शेजारी येऊन आदळला. निलंगा सुटायच्या आतच तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरायला लागला, तोंडाला दारूचा वास. मी हललो नाही. इतकं बरं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. अवघडलेल्या हातानंच मी उज्वलाला फोन लावला आणि म्हणालो, मी एकटा आहे. शेजारी कोण घोरतंय, तिनं विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही, पण पुरुष आहे. ती खूप हसली. रविवारी येते म्हणाली, दुपारी, खोली बघायला.

८

रविवारी मी पहाटेपासून घर आवरलं. फरशी पुसली, पलंगावर नवी चादर घातली, ओट्यावरचे डाग घासले. गुंडप्पाकाका आणि काकू कपिलधारेच्या यात्रेला गेले होते, त्यामुळं जिना शांत होता. दूध आणलं, बिस्किटं आणली, बशीत मांडली, परत पुड्यात भरली, परत मांडली. घरात मी एकटा होतो आणि पहिल्यांदाच त्याचा मला आनंद होता. आधीचे दिवसही चांगले गेले होते. हॉटेलात पोऱ्यानं मला बाहेरच्या टेबलावर बसवलं होतं. चाकू नसल्यामुळं गठ्ठे मी अप्पांच्या कात्रीनं सोडत होतो आणि अप्पा खूश होते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. रात्री मला भिंतीकडून उठवेना इतकी गाढ झोप लागत होती, आणि सकाळी पलंगाच्या पलीकडच्या अंगालाही चादर चुरगळलेली असायची. मी ती झटकून नीट करायचो.

दुपारी जिन्यात तिच्या चपला वाजल्या. मी दार उघडून चौकटीतच उभा राहिलो. उज्वलानं हिरवी साडी नेसली होती, हातात पेढ्यांचा पुडा होता, जिना चढून दम लागला होता आणि ती हसत होती. वर पाऊल टाकता टाकता तिनं माझ्या खांद्यावरून आत बघितलं आणि तिचं हसू थांबलं.

ती घाबरली असती तर मला चाललं असतं. ती घाबरली नाही. तिनं डोक्यावर पदर घेतला, परक्या घरातल्या बाईपुढं घेतात तसा, आणि माझ्या मागं बघत खालच्या आवाजात बोलली.

"ताई, माफ करा. मला सांगितलं होतं की घर रिकामं हाय."

मग माझ्याकडं बघितलं. मी किती काय बोलत होतो ते मला आठवत नाही. चाकू टाकला, हळद उतरवली, अक्काला विचारा, आत कोणी नाही, या आणि स्वतः बघा. तिनं पेढ्यांचा पुडा चौकटीपाशी ठेवला.

"बाहेर उभ्या असायच्या तवा मला कीव आली होती तुमची," ती म्हणाली. "आता घरात घेतलंय तुम्ही त्यांना. निदान मला बोलवायला नको होतं."

ती सावकाश, कठडा धरून उतरली. मी हाक मारली नाही. खालचं फाटक वाजलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कट्यार नवरदेवाच्या हातात का देतात, ते लहान पोरालाही माहीत असतं. जवळ काही येऊ नये म्हणून देतात. बसमध्ये हातभर अंतर सोडून बसणारी, दुकानाच्या पायरीवर थांबणारी, गादीच्या पलीकडच्या अंगाला अडवलेली. इतकी वर्षं तो चाकू तिला धरून नव्हता, लांब ठेवत होता. आम्ही भाऊबहिणीनं तो पडक्या विहिरीत टाकला. त्या दिवसापासून ती बाहेर कोणाला दिसली नाही, कारण तिनं घर धरलं होतं.

मी जिन्याकडं तोंड करून उभा होतो. मागं स्वयंपाकाच्या ओट्याजवळ गॅसचा खटका वाजला. एकदा, परत एकदा, मग भप्प. पातेलं ठेवल्याचा आवाज. मी दूध तापत ठेवलं नव्हतं.

पळून जाता आलं असतं. चपला दारातच होत्या, जिना मोकळा होता. मी मनातल्या मनात एकेक ठिकाण काढून बघितलं. अक्काकडं किती दिवस राहणार? अप्पा रात्री दुकानाला कुलूप लावतात. नांदेडची वाट आत्ताच बंद झाली होती. आणि कुठंही गेलो तरी शेजारी कोण बसणार आहे, ते मला ठाऊक होतं.

मान वळवली ती फार नाही, थोडीच. ओट्याचा कोपरा दिसला. त्यावर एक हात कप मांडत होता. मनगटापर्यंत हळद, ओली, आत्ता लावल्यासारखी, ओट्यावर तिचे ठिपके पडलेले. पुढचं मी बघितलं नाही. कप दोन होते. हातानं एका कपाचा कान फिरवून माझ्या बाजूला केला.

मला भीती वाटत होती, हे खोटं सांगत नाही. पण आई गेल्यापासून माझ्यासाठी कोणी चहा ठेवला नव्हता.

मी पेढ्यांचा पुडा उचलला, आत आलो, आणि दार लावून घेतलं.